मिटलेले डोळे उघडून मिळतील

१

हौसेला मोल नसतं म्हणतात. वामनरावांचं म्हणणं असं, की म्हणूनच हौसेवर पोट भरत नाही. वामनराव अकोल्याचे वकील. जठारपेठेतल्या त्यांच्या घरात भाजी कोणती करायची यावरसुद्धा दोन्ही बाजू ऐकून घेतल्या जात, आणि निकाल बहुधा त्यांच्याच बाजूनं लागे. मुलीनं शाळेतली नोकरी सोडून फोटोंवर जगायचं ठरवलं, तेव्हा पहिल्यांदा घोडं अडलं. पौर्णिमाकडे शेंदूरजनाघाटच्या संत्राबागांचे फोटो होते, त्यातल्या एकाला मिळालेलं बक्षीस होतं, आणि मुख्य म्हणजे हट्ट होता. तो तिनं वडिलांकडूनच घेतला होता, त्यामुळे त्यांना तो मोडता येईना. शेवटी तडजोड झाली. अक्षय तृतीयेपर्यंत बघ. तोवर स्टुडिओनं बाळसं धरलं तर ठीक, नाहीतर मी गाडी घेऊन येतो, सामान भरायचं आणि परत शाळेत जायचं.

अकोल्यात लग्नाचे फोटो काढणारे गल्लोगल्ली. म्हणून तिनं अंजनगाव सुर्जी गाठलं. वडिलांच्या दुर्गाबाई नावाच्या एका जुन्या अशील बाईंची बाजारात एक खोली रिकामी होती. समोर काचेचं दार, मागच्या बाजूला दुर्गाबाईंचं स्वतःचं घर. पौर्णिमानं भिंतीला पांढरा रंग दिला, दिवे बसवले, स्टूल ठेवलं आणि गिऱ्हाइकाची वाट पाहत बसली.

गिऱ्हाईक येईना. ज्याच्या हाती मोबाइल तो फोटोग्राफर, असा काळ. पासपोर्टचे फोटो, शाळेची ओळखपत्रं, एका दुकानदाराच्या साड्या, एवढ्यावर पावसाळा गेला, दिवाळी गेली. संत्राबागेच्या फोटोकडे बघून लोक म्हणत, "झकास हाय," आणि पुढे निघून जात. पौर्णिमा घरी फोन करून सांगे, जम बसतोय. हे खोटं होतं आणि ते तिला झोंबत होतं.

२

देवीदास आला तो थंडी संपता संपता. जवळच्या खेड्यातला शेतकरी माणूस, डोकं भादरलेलं, हातात प्लास्टिकच्या पिशवीत एक जुना फोटो. त्याची आई जमुनाबाई वारली होती. तेरवीला पाटावर ठेवायला फोटो हवा होता, आणि घरात आईचा म्हणून हा एकच फोटो सापडला होता. पुतण्याच्या लग्नातला. नवरा-नवरी, भोवती तीस माणसं, आणि मागच्या रांगेत एका टोकाला जमुनाबाई. डोक्यावर पदर, मान खाली, डोळे मिटल्यासारखे.

"एवढ्यातून माय काढून द्या मॅडम," देवीदास म्हणाला. "अन् डोये उघडून द्या. तेरवीले पाव्हणे येतीन. माय खाली पाहून राह्यली तं बरं नाही दिसत."

गावोगावचे स्टुडिओवाले हे काम करतात. मागचं लग्न पुसायचं, निळी पार्श्वभूमी टाकायची, दुसऱ्या कुणाचे तरी उघडे डोळे आणून बसवायचे. पौर्णिमानं कधी केलं नव्हतं. पण नाही म्हणायची तिची ऐपत नव्हती, आणि समोरच्या माणसाचा चेहराही तसा नव्हता. ती "होईल" म्हणाली.

सगळा दिवस गेला. जमुनाबाईंची मान तिनं कशीबशी सरळ केली. साडीचा काठ, कपाळावरचं गोंदण, पदराची प्रत्येक चुणी मोठी करून साफ केली. डोळे मात्र जमेनात. नेटवरून घेतलेले डोळे लावले की बाई एकदम जाहिरातीतली वाटायला लागे. दुपारच्या उन्हाचा कवडसा स्टुडिओत आला तेव्हा तिच्या लक्षात आलं, लग्नातही उजेड याच बाजूनं आला होता. तिनं कॅमेरा तिकाटण्यावर लावला, समोर बसली आणि स्वतःचेच डोळे टिपले. पापण्या, सुरकुत्या जमुनाबाईंच्याच ठेवल्या. आतलं बुबुळ आणि पांढरं तेवढं आपलं घातलं.

जमुनाबाई वर बघायला लागल्या. पौर्णिमाला स्वतःचा अभिमान वाटला, आणि तो वाटणं चुकीचंही नव्हतं. काम खरोखर सुरेख झालं होतं.

देवीदासनं फ्रेम हातात घेतली आणि भर दुकानात रडायला लागला. "मायनं कधी असं पाह्यलं नाही ना जी माह्याकडं," तो म्हणाला.

३

अशा गोष्टी वाऱ्यासारख्या पसरतात. तेरवीला जेवून गेलेले पाहुणे आपापल्या घरच्या म्हाताऱ्यांचे फोटो घेऊन यायला लागले. सगळ्यांची तऱ्हा तीच. लग्नातला, वास्तूतला नाहीतर बारशातला फोटो, कडेला एक बाई, पदर पुढे, नजर जमिनीत. एका आख्ख्या पिढीनं कॅमेऱ्याकडे बघितलंच नव्हतं. म्हाताऱ्या जात होत्या, आणि पौर्णिमा त्यांना डोळे देत होती. स्वतःचे. दुसऱ्या कुणाचे बसतच नव्हते. दारावर तिनं पाटी लावली: 'मिटलेले डोळे उघडून मिळतील'. घरी फोन करताना आता खोटं बोलावं लागत नव्हतं.

त्याच सुमारास ते सुरू झालं. दिवसभर पडद्याकडे बघून डोळे चुरचुरायचे, म्हणून दुपारी ती कुलर लावून, खुर्चीत मान टेकून घटकाभर डोळे मिटायची. मिटले की अंधार व्हायला हवा. त्याऐवजी एक खोली दिसायची. हिरव्या रंगाची, आणि वरून. पंख्याची पाती अगदी जवळ, त्यांवर साचलेली धूळ. खाली दिवाण, लोखंडी कपाट, टीव्हीवर टाकलेला क्रोशाचा रुमाल. एक माणूस ताट घेऊन बसायचा आणि जेवायचा. त्याचं तोंड हलायचं, शब्द ऐकू यायचे नाहीत. कानात स्वतःच्याच कुलरची घरघर आणि डोळ्यांत लोकाचं घर, अशी गंमत.

तिला ती गंमतच वाटली आधी. दिवसभर तेच बघितलं की तेच दिसतं. संत्र्याच्या हंगामात तोडणाऱ्यांना झोपेतही संत्री दिसतात म्हणे. तरी ती अमरावतीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आली. त्यांनी थेंब दिले आणि पडदा कमी बघा म्हणून सांगितलं. फोटोवाल्या बाईला पडदा कमी बघा म्हणणं म्हणजे कोष्ट्याला सूत कमी बघ म्हणण्यासारखं. तिनं थेंब घातले आणि कामाला लागली.

मग देवीदासला बहिणीसाठी आणखी एक प्रत हवी झाली, आणि त्या बाजूला काम होतं म्हणून ती स्वतःच द्यायला गेली.

खोली हिरवी होती. दिवाण, कपाट, क्रोशाचा रुमाल, सगळं जागच्या जागी. समोरच्या भिंतीवर, पंख्याच्या उंचीला, चंदनाचा हार घातलेल्या जमुनाबाई. देवीदास कपाटाशी खटपट करत होता. "बुढीनं चाव्या कुठी लपवल्या देव जाणे," तो म्हणाला. "आता कुलूप तोडाच लागते."

"कपाटावरच आहेत," पौर्णिमा म्हणाली. "मागे, भिंतीकडे. लाल नाडा आहे त्यांना."

शब्द तोंडातून निघून गेले तेव्हा तिला कळलं की आपण काय बोललो. देवीदासनं स्टुलावर चढून हात घातला. लाल नाड्यातल्या चाव्या घेऊन तो खाली उतरला.

"तुमाले कसं मालूम?"

"म्हाताऱ्या तिथेच ठेवतात," ती म्हणाली. खोलीत उभं राहून कपाटाचा माथा दिसत नव्हता. तो फक्त फोटोतून दिसत असणार. पाणी न पिताच ती निघाली, आणि वाटेत गाडी बाजूला घेऊन रस्त्यावर बसून राहिली. तिला भीती वाटत होती.

४

दुर्गाबाईंपासून काही लपवणं कठीण होतं. त्या मागच्या दारानं ताक घेऊन आल्या आणि तिचं तोंड बघून तिथेच बसल्या.

"काहून व पोरी? तोंड काहून उतरलं?"

पौर्णिमानं सगळं सांगितलं. सांगताना तिलाच ते खुळचट वाटत होतं. दुर्गाबाई हसल्या नाहीत.

"म्हंजे तू त्याइले आपले डोये देऊन राह्यली?"

"दुसरे बसतच नाहीत काकू."

"कसे बसतीन? आमी कोनाकडं पाह्यलंच नाही, तं आमाले कोनाचे बसतीन?" ताकाचा पेला तिच्यापुढे सरकवून त्या म्हणाल्या, "माहा फोटो काढून ठेव आत्ताच. माहे डोये माहेच राहू दे."

पौर्णिमानं त्यांना स्टुलावर बसवलं. "काकू, वर बघा. माझ्याकडे." तिनं फोटो काढला. नजर खाली. पुन्हा काढला. पुन्हा खाली. "अवो, पाहूनच तं राह्यली मी," दुर्गाबाई म्हणत होत्या, आणि त्यांना खरंच तसं वाटत होतं. बटण दाबायच्या क्षणी पापण्या आपोआप खाली यायच्या. शेवटी त्या उठल्या आणि पदर सारखा करत म्हणाल्या, "सासऱ्यापुढं घातलेली मान हाय बाई. सासरा जाऊन जमाना झाला, मान तं तशीच राह्यली." त्यांना वाईट वाटलं होतं, आणि पौर्णिमाला त्यांच्याहून जास्त.

त्या दिवसापासून तिनं स्वतःचे डोळे वापरायचं बंद केलं. एका घरच्यांना नेटवरचे डोळे लावून दिले. ते संध्याकाळी फ्रेम परत घेऊन आले. "हे आमची बुढी नाही," एवढंच म्हणाले. दुसऱ्यांनीही तेच केलं. तिसरे आलेच नाहीत. वामनरावांचा फोन आला: "अक्षय तृतीया जवळ आली. शाळेतल्यांशी बोलून ठेवू ना?"

पौर्णिमा रात्रभर विचार करत होती असं काही नाही. तिचा निर्णय फोन ठेवायच्या आत झाला होता. भीती खरी होती, पण स्टुडिओही खरा होता. आणि त्या खोल्यांमध्ये होतं तरी काय? माणसं जेवत होती, कापूस वेचून आलेल्या बायका पाय चेपत होत्या, कुणी पापड लाटत होतं. दिसेना का. तिनं कॅमेरा तिकाटण्यावर लावला आणि पुन्हा त्याच्यासमोर बसली.

"कुणाशी बोलू नका बाबा," ती फोनवर म्हणाली होती. "मी येत नाहीये."

५

आता खोल्या पुष्कळ झाल्या. डोळे मिटले की एकीतून दुसरीत जावं लागे. ती त्यांना सरावली. पिवळी खोली, खताच्या पोत्यांची खोली, जिच्या भिंतीवर घड्याळ बंद पडलं होतं ती. एक गोष्ट मात्र तिला हळूहळू समजत गेली. तेरवी झाली, पाहुणे गेले, की फोटोकडे कुणी बघत नसे. खाली माणसं येत, जात, आणि एकाचीही मान वर होत नसे.

फक्त स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी कुणीतरी बसलेलं असायचं.

हिरव्या खोलीत तिला ती बाई आधी देवीदासची बहीण वाटली. पदर पुढे ओढलेला, गुडघ्यांभोवती हात, मान खाली. देवीदासची बायको पाण्याचा हंडा घेऊन तिच्या अंगावरून गेल्यासारखी गेली. तिनं वाट दिली नाही आणि हिनं मागितली नाही. पाहुणी असेल, पौर्णिमा स्वतःशी म्हणाली. मग पिवळ्या खोलीतही उंबऱ्याशी एक बाई दिसली. पोत्यांच्या खोलीतही. प्रत्येक घरात एक पाहुणी, आणि कुणी तिला जेव म्हणत नाही. आमच्या वऱ्हाडात असं होत नाही. दुष्मनालाही जेव म्हणतात.

हिरव्या खोलीतल्या बाईच्या साडीचा काठ तिनं ओळखला तेव्हा कुलर चालू असूनही तिला घाम फुटला. जांभळा काठ, त्यावर पांढरी बुटी, डाव्या खांद्याशी एक चुणी उलटी. ती चुणी तिनं मोठी करकरून साफ केली होती. लग्नातल्या फोटोतली साडी होती ती.

दुसऱ्या दुपारी ती बाई उंबरा सोडून खोलीत आली होती. मग दिवाणाशी. मग फोटोच्या बरोब्बर खाली, भिंतीला टेकून नाही, भिंतीकडे तोंड करून. वरून पौर्णिमाला फक्त तिच्या डोक्यावरचा पदर दिसायचा.

डोळे उघडले की स्टुडिओ, पांढरी भिंत, स्टूल, दारावरची पाटी. तिनं फक्त मिटणं कमी केलं. काम थांबवलं नाही.

६

अक्षय तृतीयेला, म्हणजे इथल्या लोकांच्या अखाजीला, पितरांना जेवू घालतात. पुरणपोळी, आंब्याचा रस, पाण्याची घागर. बाजार दुपारी सामसूम झाला होता. वामनरावांचा सकाळीच निरोप होता: ठरल्याप्रमाणे येतो, तुझ्या तोंडूनच ऐकतो काय ते. ठरलं तर होतं. त्यांना दाखवायला एका कामाचा शेवटचा हात राहिला होता. डोळे इतके भगभगले की पौर्णिमानं ते नकळत मिटले.

एक ओलं फडकं सरळ तिच्या डोळ्यांवर आलं. ती दचकली. फडकं फिरलं, काच लख्ख झाली, आणि हिरवी खोली इतकी स्वच्छ दिसली की देवीदासच्या नखांतली माती दिसावी. घराघरांत आज फोटो पुसत होते. देवीदासनं नवा हार घातला, हात जोडले, आणि नैवेद्याचं ताट खाली ठेवलं. ते त्यानं पदराच्या बाईशेजारी ठेवलं, तिला न बघता.

बाई ताटाकडे वळली नाही. तिची मान वर व्हायला लागली.

फार सावकाश. पदराचा काठ मागे सरकला. कपाळ दिसलं, त्यावरचं गोंदण दिसलं. पौर्णिमाला माहीत होतं पुढे काय आहे. ते डोळे तिनंच, स्वतःचे, तिथे बसवले होते. तिनं डोळे उघडले.

खोली गेली नाही.

तिनं पुन्हा मिटले, पुन्हा उघडले. बोटांनी पापण्या चाचपल्या. उघड्या होत्या. कुलरची घरघर ऐकू येत होती, हाताखाली स्वतःचं टेबल होतं, आणि समोर देवीदासची हिरवी खोली, पंखा, कपाट. फोटोखालची जागा मात्र रिकामी होती.

मागे काचेचं दार करकरलं.

७

बांगड्या वाजल्या. स्टुलाचा पाय फरशीवर घासला.

"बाई, फोटो काढाचा हाय," म्हातारा आवाज म्हणाला. खोल्यांमध्ये आवाज नसायचे, त्यामुळे हा तिनं कधी ऐकला नव्हता.

"कोण आहे?"

"आमच्या घरी लागला हाय एक. देवीदासनं लावला." आवाजात राग नव्हता. "पन त्यातले डोये माहे नाहीत व माय."

ओरडावं, मागच्या दारानं दुर्गाबाईंकडे पळावं, हे सगळं पौर्णिमाच्या मनात आलं. पण ती वकिलाची मुलगी होती, आणि दावा खरा होता. शिवाय गिऱ्हाईक स्टुलावर बसलं होतं. या दुकानातून तिनं आजवर कुणाला परत पाठवलं नव्हतं.

"सरळ बसा," ती म्हणाली. आवाज निघाला याचंच तिला नवल वाटलं.

टेबलाचा कोपरा, मग भिंत, मग तिकाटणं. चाचपत चाचपत तिनं कॅमेरा गाठला. कुठे रोखलाय ते दिसायचा प्रश्नच नव्हता. तो आवाजाच्या दिशेनं वळवला. "आता वर बघा. माझ्याकडे."

"पाहू?"

"बघा."

वेळ गेला. मग कॅमेऱ्यानं टिक् केलं. समोर उघडे डोळे सापडले की तो तसं करतो. तिनं बटण दाबलं.

हिरवी खोली दिवा घालवावा तशी गेली. पांढरी भिंत आली, दुपारचं ऊन आलं. स्टुलावर कुणी नव्हतं. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर फोटो उमटत होता. तिला जांभळा काठ दिसला, गोंदण दिसलं, आणि त्याखाली दोन डोळे, रोखून बघणारे, आयुष्यभराचं बघणं एकदम बघणारे. तिनं त्यावर तळहात ठेवला. पुढचं तिच्यानं बघवलं नाही.

फोन वाजत होता.

"दर्यापूर ओलांडलं मी," वामनराव म्हणाले. "काय ठरलं तुझं? सामान आवरून ठेवलंस?"

पौर्णिमानं काचेच्या दाराबाहेर बघितलं. भर उन्हात पायरीवर आणि पायरीखाली, रस्त्याच्या पलीकडल्या बंद दुकानांपर्यंत बायका बसल्या होत्या. पदर पुढे, माना खाली. प्रत्येक साडीचा काठ तिच्या ओळखीचा होता.

"बाबा, आज नका येऊ," ती म्हणाली. "आज स्टुडिओत फार गर्दी आहे."

फोन ठेवून तिनं काचेचं दार उघडलं आणि म्हणाली, "एकेकीनं या."